सावळीरामच्या भिंतीवरचा वारा

शाळेच्या समित्यांचा मला कंटाळा आहे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मला बोलावतात, कारण मी वेळेवर येते, मुद्द्याचं बोलते आणि घरी जाते. गेल्या हिवाळ्यातली समिती भिंतीची होती. मैदानाच्या कडेची लांब भिंत नव्यानं बांधली होती आणि शिवजयंतीपर्यंत तिच्यावर ‘आपलं आरमार’ रंगवून घ्यायचं ठरलं होतं. नाशिकला समुद्र नाही. तो बघायचा तर कसारा घाट उतरावा लागतो. पण संस्थेचे अध्यक्ष भिकनआबा अहिरे यांना आरमार हवं होतं, आणि आबांना हवं ते आमच्या संस्थेत होतं. आबा मूळचे सटाण्याचे, कांद्याचे मोठे व्यापारी. मनानं मोकळे, आवाजानं त्याहून मोकळे. समितीत ते, मुख्याध्यापिका योगिनी मॅडम आणि मी.

भिंत रंगवायला मॅडमनी सावळीराम पगारे यांना आणलं. त्यांच्याबद्दलच मला सांगायचं आहे. आरमार त्यात आपोआप येईल.

सावळीराम साठी ओलांडलेले. अंगानं काटक, बोलणं कमी, आणि ऐकताना मान एका बाजूला कलती. निफाडकडच्या एका खेड्यातून लहानपणी मामाबरोबर नाशिकमधल्या द्वारकेच्या नाक्यावर आले. तेव्हा मुंबई-आग्रा रस्त्यावरचे ट्रक तिथे थांबत आणि रंगून घेत. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर चित्रं काढण्यात सावळीरामचं आयुष्य गेलं. मोर, सिंह, कमळ, गरुड, मालकाच्या पोरांची नावं. ट्रकवर चित्र जोडीनं लागतं. डावीकडे मोर तर उजवीकडे मोर, एकमेकांकडे तोंड करून. त्यासाठी खाका वापरतात. जाड कागदावर चित्र काढायचं, रेघांवर सुईनं बारीक भोकं पाडायची, आणि फडक्यात बांधलेली कोळशाची पूड वरून आपटायची, की चित्र खाली उतरतं. एक मोर झाला की तोच कागद उलटा करायचा, दुसरा मोर तयार. सावळीरामचे हात या कामात इतके बसले होते की कागद कधी उलटला हे त्यांनाही कळत नसे.

पुढे स्टिकर आले, मग फ्लेक्स आला आणि नाक्यावरचं काम संपलं. त्यांच्या पुतण्यानं, लखननं, फ्लेक्सचं मशीन घेतलं आणि काकांना दुकानात बसवलं. लखन माणूस चांगला. काकांना त्यानं मानानं ठेवलं होतं. पण काका दिवसभर वाढदिवसाच्या फलकांच्या कडा कापायचे. म्हणून शाळेची भिंत आली तेव्हा त्यांनी ती किती मनावर घेतली असेल, ते सांगायला नको. पहिल्या दिवशी प्रायमर ढवळता ढवळता त्यांनी मला सांगितलं, की आजवर काढलेल्या प्रत्येक चित्राला चाकं होती. कुणी इंदूरला गेलं, कुणी आग्र्याला, परत आलंच असं नाही. ही पहिलीच भिंत, जी एका जागी राहणार. पोरं रोज बघणार.

जानेवारीत मी काम बघायला गेले. भिंतीवर डावीकडे आपलं गुराब उभं होतं. गुराब म्हणजे मराठ्यांचं दोन-तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज, पुढच्या टोकावर तोफा. डोलकाठीवर भगवा झेंडा, शिडं टम्म फुगलेली. उजवीकडे फिरंग्यांचं मोठं जहाज, त्याचीही शिडं टम्म फुगलेली. दोन्ही एकमेकांवर अशी चालून आली होती की मधे उभं राहायला भीती वाटावी. चित्र जोरदार होतं, आणि तरी मला काहीतरी खुपत होतं. आयुष्यभर गणित शिकवल्यामुळे मला खुपलं की मी बोलते.

“सावळीराम, वारा कुठून येतोय?”

त्यांनी ब्रशानं डावीकडे दाखवलं, मग उजवीकडे. “दोन्हीकडनं.”

 ते माझ्याकडे बघत राहिले, मग भिंतीकडे बघितलं. मग रंगाच्या डब्यावर बसले.

“खाका उलटा मारला मी,” ते म्हणाले. “मोरावाणी.”

आता सरळ माणूस काय करील? आबांना कळलेलं नाही, मॅडमना कळलेलं नाही, गणिताच्या एका म्हातारीखेरीज कुणाला कळणारही नाही, तेव्हा झेंड्याला आणखी एक हात देईल आणि घरी जाईल. सावळीराम घरी गेले, पण त्यांनी परातीत पाणी ओतलं, कागदाच्या दोन होड्या केल्या आणि टेबलफॅन लावला. हे मला शकुबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं सांगितलं. दोन्ही होड्या एकाच कडेला जाऊन चिकटायच्या. हे गृहस्थ त्यांना परत परत समोरासमोर ठेवायचे. शेवटी शकुबाई म्हणाल्या, “माहेरून दुसरा पंखा आणू का?”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या दारात. प्रश्न असा, की वारा एकच, तर त्या काळात दोन जहाजं समोरासमोर येऊन लढायची कशी? खरं सांगते, मला माहीत नव्हतं. शिडाचं जहाज वारा नेईल तिकडे जातं एवढीच माझी समजूत, आणि ती चुकीची निघाली. मी वाचनालयात जाऊन शिडांच्या युद्धनौकांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. ते बऱ्याच वर्षांत कुणी नेलेलं दिसत नव्हतं. मग आमच्या दुपारी सुरू झाल्या. मी ओटीवर बसून वाचायची आणि मराठीत सांगायची. सावळीराम जुन्या फ्लेक्सच्या पांढऱ्या पाठीवर कोळशानं काढत जायचे. एका वाक्याला त्यांचे तीन प्रश्न. मी वैतागायची. पण प्रश्न खोटे नसायचे, आणि उत्तर पुढच्या पानावर असायचं, त्यामुळे मीच पान उलटायची घाई करायची.

त्यातून आम्हाला जे कळलं ते मोठं गमतीचं होतं. शिडाचं जहाज वाऱ्याच्या विरुद्धही जातं. सरळ नाही, वाऱ्याला तिरकं धरून, एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला वळत. “कसारा घाटावाणी,” सावळीराम म्हणाले. मला असं उदाहरण सुचलं नसतं. पण घाटासारखाच त्यात वेळ जातो. म्हणून लढाईआधी निम्मी धडपड एवढ्याचसाठी, की आपण वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला असावं, आणि शत्रू खालच्या. वरचा ठरवतो, कधी भिडायचं. दोन-दोन दिवस एकही गोळा न टाकता नुसते वाऱ्यासाठी घिरट्या घालणारे ताफे त्या पुस्तकात होते. आपल्याला वाटतं लढाई म्हणजे तोफा. तोफा नंतर.

“म्हंजे वरचा जिंकतो,” सावळीराम म्हणाले.

तसंही नव्हतं. जोराच्या वाऱ्यात वरचं जहाज शत्रूच्याच बाजूला कलतं, आणि त्या अंगाच्या खालच्या तोफांची दारं उघडली तर पाणी आत येतं. शिवाय खालच्याला एक सोय असते. नको वाटलं तर वारा पाठीशी घेऊन तो निघून जाऊ शकतो. हे ऐकल्यावर सावळीरामनी कोळसा खाली ठेवला.

ते म्हणाले, त्यांच्या मनात होतं की वारा आपल्याला द्यायचा आणि फिरंग्याची शिडं फिरवायची. पण मग तो पळणार. आणि पळाला नाही तर आणखी वाईट, कारण त्या मोठ्या जहाजाच्या कुशीला तोफांच्या रांगा, आणि आपलं गुराब त्याच्यापुढे लहान. मग आपले लोक लढले तरी कसे?

उत्तर होतं, पण पुस्तकात त्याला जेमतेम दोन परिच्छेद दिलेले. आपल्या किनाऱ्याचा वारा दिवसातून फिरतो. रात्री जमिनीवरून समुद्राकडे, दुपारी समुद्रावरून जमिनीकडे. मधे काही वेळ तो पडतो. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी. फिरताही येत नाही. आपल्याकडे गुराबांच्या जोडीला गलबतं असत, लहान, वल्ह्यांनी चालणारी. ती गुराबांना दोर लावून ओढत न्यायची, आणि न्यायची कुठे, तर त्या मोठ्या जहाजाच्या पिछाडीला. पिछाडीला त्याच्या तोफा थोड्या. गुराबाच्या तोफा नेमक्या पुढच्या टोकावर. सावळीरामनी मला ते दोन परिच्छेद पुन्हा वाचायला लावले. 

“आपलं काम वारा नसताना,” ते म्हणाले.

मी पुढे वाचलं, की वाफेची इंजिनं आल्यावर हा सगळा शेकडो वर्षांचा शहाणपणा एका माणसाच्या हयातीत निकामी झाला. वारा कुणाकडे आहे, हे कुणी विचारेनासं झालं. सावळीराम यावर फक्त हसले. फाळका रंगवणाऱ्या माणसाला हे मी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर मला योगिनी मॅडमचा फोन आला. आवाज पडलेला. बाई, त्यांनी सगळी शिडं पुसली.

मी जाऊन पाहिलं. शिडं पुसून नवी काढली होती, खाली लोंबणारी, वाळत घातलेल्या गोधड्यांसारखी. मोठं जहाज आता आपल्याला पाठ करून मधोमध अडकलं होतं, गलबतांच्या वल्ह्यांच्या रांगा त्याच्या पिछाडीकडे निघाल्या होत्या, दोर ताणलेले. आणि गुराबाच्या डोलकाठीवर भगवा झेंडा काठीला चिकटून सरळ खाली. वाराच नाही तर दुसरं काय होणार?

आबा आले. भिंतीपुढे उभे राहिले. आबा शांत झाले की अहिराणीत बोलतात, आणि ते लक्षण चांगलं नसतं.

“हाऊ झेंडा झोपेल शे का, सावळीराम?”

सावळीरामनी त्यांना वारा सांगितला, वल्ही सांगितली, पिछाडी सांगितली. आबांनी नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी आपलं सांगितलं. शिवजयंतीला सगळ्या गल्ल्यांतून माणसं येणार, फोटो निघणार, आणि भिंतीवर आपला झेंडा असा मेल्यासारखा? लोक विचारतील अहिरेला. ते म्हणाले, की वारा घाल, शिडं फुगव, पहिल्यासारखं कर.

“फडकवतो, आबा,” सावळीराम म्हणाले. “पण मग वारा आला. वारा आला का ते मोठं जहाज गेलं निघून. आपल्या माणसांनी धरायचं कुणाला?”

आबा क्षणभर अडकले, मी बघितलं. पण अध्यक्ष माणूस, मॅडमसमोर. त्यांनी तोडगा काढला. रविवारी ते परत येतील. झेंडा फडकत नसेल तर शिवजयंतीला भिंतीवर फ्लेक्स लागेल, कायमचा, लोखंडी चौकटीत. आणि फ्लेक्स कुणाकडून? लखनकडून, त्याचं दुकान जवळच आहे. लखनला बिचाऱ्याला नाही म्हणता येईना. त्यानं चित्र शोधून ठेवलं होतं, तेही मला दाखवलं. त्यात शिडं एकीकडे, झेंडे दुसरीकडे आणि लाटा तिसरीकडेच चालल्या होत्या. तो खाली बघत म्हणाला, काकांना सांगा ना बाई, एकच झेंडा तर आहे.

मी सांगितलं. झेंडा फडकवा आणि मोकळे व्हा, भिंत गेली तर पुन्हा मिळणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. या वयात हट्ट परवडत नाही.

“बाई, वारा कुठनं येतो ते तुम्हीच इचारलं,” ते म्हणाले. “आता नका इचारू म्हन्ता?”

 मला उत्तर नसलं की राग येतो, म्हणून मी चहा टाकला. चहा घेताना ते वेगळ्याच विचारात होते. झेंडा त्यांनी अंदाजानं लोंबवला होता. वाऱ्याशिवाय जड कापड नेमकं कसं पडतं, पाण्यावर, मोकळ्यात, हे त्यांना बघायचं होतं. भिंत जायची असेल तर जाईल, पण घडी चुकीची राहायला नको. समुद्र त्यांनी पाहिला होता, दर सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जात, तेव्हा. पण तिथे रांगेत उभं राहायचं असतं. समुद्र बाजूला असायचा, आपला आवाज करत. बघायला कुणाला सवड होती?

म्हणून शनिवारी उजाडता उजाडता लखनचा टेम्पो माझ्या दारात उभा राहिला. पुढे लखन आणि मी. मागे सावळीराम, एक बांबू आणि दुकानातलं जुनं भगवं कापड. आम्ही गंगापूर धरणाच्या पाण्याकडे निघालो. थंडी अशी होती की द्राक्षबागांत शेकोट्या दिसत होत्या. मी शालीत तोंड खुपसून सगळ्यांना नावं ठेवत होते.

पाणी सपाट पडलं होतं. वारा नावाला नाही. सावळीराम चपला काढून काठावर गेले, कापड बांधलेला बांबू चिखलात रोवला आणि मागे सरले. कापड पडलं. वर गोळा झालेलं, खाली एकच टोक सुटलेलं. त्यांनी ते टिपलं. काम झालं होतं, आणि हे गृहस्थ हलेनात. मान कलती, नजर खाली. मी लखनला हॉर्न वाजवायला सांगितलं, तरी हलेनात. शेवटी मी उतरले आणि गारठलेल्या गवतातून तिथवर गेले. चला म्हटलं.

“बाई, खाली बघा.”

खाली पाण्यात दुसरा झेंडा होता. वरच्याइतकाच भगवा, त्याहून लांब वाटणारा, काठीसकट उलटा. मागचे डोंगरही तसेच दोनदा. वारा नाही म्हणून पाण्याला एक सुरकुती नव्हती.

सावळीरामनी मला लगेच कामाला लावलं. हे धरण झालं, समुद्र असा होतो का, ते पुस्तकात बघा. घरी जाऊन पाहिलं. होतो. वारा पडल्यावर समुद्र तेल ओतल्यासारखा होतो आणि जहाजाला स्वतःचंच बूड उलटं दिसत राहतं, असं जुन्या खलाशांनी लिहून ठेवलेलं होतं. मी फोन करून वाचून दाखवलं. पलीकडून ब्रश धुतल्याचा आवाज येत होता.

रविवारी आबा आले, बरोबर मॅडम आणि संस्थेचे आणखी दोघं. लखनही आला होता, मोजमापाचा टेप घेऊन, जरा मागेच उभा. मी आधीच जाऊन बसले होते, कारण मला राहवत नव्हतं.

खालची सगळी भिंत आता पाणी झाली होती. वर मोठं जहाज, खाली मोठं जहाज. वर लोंबलेली शिडं, खाली लोंबलेली शिडं. फक्त वल्ही पडत तिथे पाणी तुटलेलं, बाकी कुठे रेघ नाही. आणि गुराबाचा झेंडा डोलकाठीपासून पाण्यापर्यंत, पाण्यातून पार भिंतीच्या पायापर्यंत, एकच लांब भगवा पट्टा. त्या राखाडी चित्रात दुसरा रंगच नव्हता. नजर दुसरीकडे जायलाच तयार नव्हती.

 आबा दोन पावलं मागे गेले, परत पुढे आले. मग वाकून पाण्यातला झेंडा बघितला.

“ही पडछाया का?”

“वारा असता तर दिसली नसती,” सावळीराम म्हणाले.

आबा प्रश्न विचारू लागले. एका गलबतावर वल्ही किती? वल्ही मारणाऱ्यांना उन्हापासून सावली कुठे? मोठ्या जहाजावरचे गोळा का टाकत नाहीत? टाकतील, पण कुशीतून, पिछाडीला थोडेच, असं सावळीरामनी सांगितलं. आबांना ते पटलं. व्यापारी माणूस. गिऱ्हाईक अडलेलं असताना गाठायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको. मॅडमनी मधेच फ्लेक्सचं विचारलं. आबांनी हातानंच त्यांना थांबवलं. त्यांचं लक्ष वल्ह्यांवर होतं.

“आन् वारा सुटला तर?”

“सुटणारच, आबा. दुपारी सुटतो. त्याच्या आत पोचायचं.”

आबांनी भिंतीवर डावीकडून उजवीकडे नजर फिरवली. शेवटच्या गलबतापासून त्या जहाजाच्या पिछाडीपर्यंत किती पाणी उरलंय, ते मोजत होते बहुतेक. लखननं टेप खिशात टाकला.

“मंग वल्ही जोरात मारा म्हणावं त्यास्ले,” आबा म्हणाले, आणि भिंतीची सावली ओसरेपर्यंत तिथून हलले नाहीत.